डोलकाठीची पुढची तार

ट्रेलरवरून न्यायच्या छोट्या होडीची डोलकाठी एरवी आडवीच असते. रस्त्यावर विजेच्या तारा असतात, पूल असतात, झाडांच्या फांद्या असतात. उभी डोलकाठी घेऊन जाणार कुठून? म्हणून ती होडीच्या पाठीवर निजवून बांधायची, तलावाच्या काठी पोचलं की उभी करायची आणि परत निघताना पुन्हा निजवायची. उभ्या डोलकाठीला तीन पोलादी तारा धरून ठेवतात. दोन बाजूंना दोन, आणि तिसरी वरून थेट होडीच्या पुढच्या टोकाला आलेली. बाजूच्या तारा थोड्या मागच्या अंगाला बांधलेल्या असतात, त्यामुळे डोलकाठी पुढे पडत नाही. ती मागे पडायला बघते, आणि पुढची तार तिला पडू देत नाही. ही एक तार सुटली, तर होडीत मागे बसलेल्या माणसाच्या डोक्यावर डोलकाठी येते. एवढं ध्यानात आलं की पुढचं सगळं कळेल.

दादा आणि धाकटी, ही भावंडं, होडी काढत आली त्याला आता कित्येक वर्षं झाली होती. होडी दादाने घरामागच्या अंगणात, प्लायवूडच्या फळ्या वाकवून स्वतः बांधलेली. तो लिफ्टचा मेकॅनिक. उंच इमारतींच्या माथ्यावरच्या मशीनखोल्यांत, ग्रीसच्या वासात त्याचं आयुष्य गेलं. धाकटी शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवायची, म्हणून दादा तिला मास्तरीणबाई म्हणायचा. तिने लग्न केलं नव्हतं. दादाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायची आणि रविवारी सकाळी होडीसाठी हजर व्हायची.

दोघांची कामं वाटलेली होती. धाकटी होडीत उभी राहून डोलकाठी खांद्यावर घ्यायची आणि पाऊल पाऊल पुढे सरकत ती उभी करायची. दादा पुढच्या टोकाशी जमिनीवर थांबून तार ओढून घ्यायचा. तारेच्या शेवटी पोलादाचं दुबेळकं, म्हणजे दोन पायांचं बेचकं, होतं आणि होडीच्या टोकावर भोक पाडलेली एक जाड पट्टी. दुबेळकं पट्टीवर बसवायचं, भोकातून बोटभर लांबीची पिन घालायची, आणि पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकात बारीक कडी अडकवायची. धाकटी डोलकाठीला रेटून उभी असायची, तिला पुढचं काही दिसायचं नाही. म्हणून ती विचारायची, "लागली?" दादा कडी अडकवायचा, तार एकदा हिसडून बघायचा आणि मग म्हणायचा, "लागली." ते ऐकलं की ती हात काढायची. वाकून बघायची तिला कधी गरजच पडली नाही. दादाचा शब्द हीच तिची पिन होती.

वसंतातल्या एका रविवारी "लागली" हा शब्द नेहमीसारखाच आला. तोच आवाज, तीच घाई नसलेली चाल. धाकटीने हात काढले आणि डोलकाठी तिच्या खांद्यावर कोसळली. गळ्याखालचं हाड मोडलं.

दादा तिच्याबरोबर दवाखान्यात दिवसभर बसून होता. सारखा एकच म्हणत होता, "पण मी लागली म्हणालो ना!" आणि तो खोटं बोलत नव्हता. विचारलं की उत्तर द्यायचं, हे त्याच्या जिभेला पाठ होतं. हात मात्र मध्येच कुठेतरी थांबले होते.

दुसऱ्या दिवशी वहिनी धाकटीला बघायला आली. खुर्चीवर बसायच्या आधी तिने पर्समधून पिन काढून पलंगाजवळच्या टेबलावर ठेवली.

"वॉशिंग मशीन खडखडायला लागलं म्हणून बघितलं," ती म्हणाली. "त्यांच्या शर्टाच्या खिशात होती."

धाकटीने पिनेकडे पाहिलं.

"आज तुझं हाड गेलं. उद्या त्यांचं डोकं जाईल. होडी पुरे झाली आता."

"वहिनी, त्याच्याकडून ते काम मी काढूनच घेते. मला एकटीला मागून डोलकाठी उभी करता येईल, असं काहीतरी करते. पुढे कुणी थांबायलाच नको."

"आणि ते काय करतील तेवढा वेळ?"

"बसेल. मग पाण्यात गेलो की सुकाणू धरेल."

"बसतील? ते?" वहिनी हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "अगं, घरात चहा होईपर्यंत तरी बसवून दाखव. परवा नळ गळतोय म्हणून पाना घेऊन बसले. नळ गळत नव्हता. तो गळेपर्यंत उठले नाहीत."

दोघीही थोड्या हसल्या. धाकटीला हसताना दुखलं.

दादाला विसरण्याचा आजार जडला होता, आणि तो उतरणीचाच रस्ता आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरी तो वर्तमानपत्र फ्रीजमध्ये ठेवायचा. दाराशी आलेल्या शेजाऱ्याला "कोणता मजला?" असं विचारायचा. आपण काहीतरी चुकलो एवढं त्याला समोरच्याच्या तोंडावरून कळायचं, काय चुकलो ते कळायचं नाही, आणि मग तो दिवसभर गप्प बसायचा. पण होडी काठापासून सुटली, सुकाणूचा दांडा हातात आला, की तो पूर्वीचा दादा व्हायचा. वारा कुठून येतोय ते त्याच्या गालाला कळायचं. पाण्यावर लांब कुठे काळपट पट्टा सरकताना दिसला की म्हणायचा, "मास्तरीणबाई, येतोय बघ, शीड सैल सोड." आणि वारा यायचाच. तिथे त्याला कुणी काही विचारत नव्हतं, काही आठवावं लागत नव्हतं. धाकटीला एवढंच हवं होतं, की निदान या वर्षीचे रविवार तरी त्याला मिळावेत.

वहिनीला हे ठाऊक होतं. ती उठताना म्हणाली, "एकदा बघते. मी स्वतः येईन काठावर. पण पुन्हा असं काही झालं, तर होडी अंगणात राहणार नाही. आणि मी हे रागाने सांगत नाहीये, ऐकून ठेव."

हाड जुळल्यावर धाकटीने काम हाती घेतलं. तिने मनात योजलेलं असं होतं. तारेचं खालचं टोक आता पट्टीला थेट लावायचंच नाही. दुबेळकं कापून तिथे एक कप्पी बसवायची, दुसरी कप्पी होडीच्या टोकावरच्या पट्टीला. दोन्ही कप्प्यांमधून दोर फिरवून घ्यायचा आणि तो होडीच्या काठाने मागे, बसायच्या जागेपर्यंत आणायचा. तिथे एक दातेरी खटका. दोर ओढला की दोन कप्प्या जवळ येतात, तार पुढे खेचली जाते, डोलकाठी उठते. दोर सोडला तरी खटक्याचे दात तो जागच्या जागी धरून ठेवतात. पिन नाही, कडी नाही, पुढे उभा राहणारा माणूस नाही.

ती अंगणात करवतीने दुबेळकं कापायला बसली तेव्हा दादा बाहेर आला.

"काय कापतेस?"

"जुनं झालंय, दादा. बदलतेय."

"जुनं? पोलाद आहे ते. तू आणि मी जाऊ, ते राहील." तो उकिडवा बसून बघायला लागला. "करवत तिरपी जातेय. अंगठा काढ तिथून."

तिने अंगठा काढला. कापलेला तुकडा ट्रेलरच्या चाकाशी पडला. दादाने तो उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "हे कशाचं?"

"होडीचं."

"मग लाव की परत."

तिने करवतीवरचा पोलादाचा कीस पुसला. थोड्या वेळाने दादा तुकडा तिथेच ठेवून आत गेला, आणि पुन्हा बाहेर येऊन त्याने विचारलं, "काय कापतेस?"

पहिल्या खेपेला ते जमलं नाही. कप्प्या बसल्या, दोर फिरला, धाकटीने मागे बसून जोर लावला, तरी डोलकाठी तसूभर उठेना. नुसती करकरत होती. दादा पायरीवर बसून बघत होता. तो एकदम हसायला लागला, इतका की वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीत आली.

"अगं, झोपलेल्या माणसाचे केस धरून पायांकडे ओढलेस तर तो उठेल का? शिव्या देईल फक्त!"

"मग काय करायचं?"

"वरून ओढायचं. तार आधी उंच ने, मग पुढे. बुडाशी एक दांडा उभा कर, तारेला त्याच्यावरून जाऊ दे." त्याने कोपरापासून हात उभा धरून दाखवला. "कळलं का, मास्तरीणबाई? का पाटीवर लिहून देऊ?"

वहिनीने खिडकीतून धाकटीकडे पाहिलं. दोघींनाही वाटलं, की हा माणूस अजून इथेच आहे.

जुन्या नळाच्या पाइपचा दांडा झाला. तो डोलकाठीच्या बुडाशी उभा केला, तार त्याच्या टोकावरच्या खाचेतून पुढे नेली, आणि मग धाकटीने दोर ओढला तशी डोलकाठी एखादं लेकरू हात धरून उभं राहावं तशी, न डगमगता, हळूहळू उभी राहिली. खटका कट्कट् करत दोर धरत गेला. ती मागे एकटी बसलेली होती. पुढच्या टोकाशी कुणीच नव्हतं.

दादा उठून टोकापाशी गेला. दोन्ही कप्प्या, त्यांच्यामधला ताठ दोर, सगळं त्याने बोट लावून पाहिलं.

"चांगलं केलंयस," तो म्हणाला. "आणि दुसरा?"

"दुसरा काय?"

"दुसरा दोर. एका दोरावर लिफ्ट टांगलेली बघितलीस कधी? एक तुटला की दुसरा धरतो. दुसरा गेला की तिसरा. एकावर कुणी माणसं ठेवत नाही."

"करते, दादा."

"कर."

धाकटीने दुकानातून खरं तर दुसऱ्या आधारासाठी तारेचा एक आखूड फासा आणलाही होता. डोलकाठी उभी झाल्यावर तो टोकाच्या पट्टीत अडकवला असता, तर दोर सुटला तरी डोलकाठी पडली नसती. तो लावावा की नाही, हा विचार तिने बराच केला. पण फासा अडकवायचा म्हणजे पुढे जाऊन एक पिन लावणं आलंच. आणि पुढच्या टोकाशी करण्यासारखं काहीही राहिलं, तर दादाचे पाय आपोआप तिथे जाणार. तो म्हणणार, मी लावतो. तो म्हणणार, लागली. ती ऐकणार, आणि नेहमीसारखा तिचा विश्वास बसणार. भीती तिला त्याच्या हातांची नव्हती, स्वतःच्या कानांची होती. होडीच्या टोकाला त्याच्यासाठी कसलंच काम उरू नये, हेच तर सगळ्या खटाटोपाचं कारण होतं. तिने फासा घरी नेऊन खणात टाकला. नवा दोर जाड होता, कप्प्या भक्कम होत्या. तो तुटणार नव्हता, आणि तो तुटला नाहीच.

तलावावर गेले त्या दिवशी ऊन कोवळं होतं आणि वारा बेताचा. वहिनी काठावरच्या बाकावर चहाचा थर्मास घेऊन बसली. होडी उतारावर, ट्रेलरवरच होती. धाकटी मागे चढली, दांडा उभा केला आणि म्हणाली, "दादा, वहिनीपाशी थांब. थर्मास धर तिचा."

"मी काय हमाल आहे?"

"धरा हो," वहिनी म्हणाली. "माझे हात दुखतात."

त्याने थर्मास धरला. पण त्याची नजर होडीच्या टोकावरून हलेना. धाकटी दोर ओढत गेली तसा त्याचा मोकळा हात कमरेपाशी काहीतरी करायला लागला. अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर फिरत होती, बारीक कडी पिनेत अडकवताना फिरतात तशी. वहिनीने ते पाहिलं आणि तिने त्याचा तो हात आपल्या हातात घेऊन मांडीवर ठेवला.

डोलकाठी उभी राहिली. होडी पाण्यात गेली. दादाने सुकाणू धरलं आणि काठ मागे पडला.

बराच वेळ सगळं इतकं छान चाललं होतं, की धाकटीला वाटलं आपण उगाच घाबरत होतो. दादा मोठं शीड फुगवून, होडी किंचित कलती ठेवून वाऱ्याच्या अंगाला नेत होता. मध्येच त्याने वहिनीच्या दिशेने हात हलवला. वहिनी एखाद्या ठिपक्याएवढी दिसत होती, तिनेही हलवला.

"बघ, बसून राहते एका जागी," दादा म्हणाला. "आणि मला म्हणते बसत नाही."

मग पुढच्या छोट्या शिडाचा कोपरा तारेत अडकला. तो सोडवायला धाकटी रांगत पुढे गेली. जाताना म्हणाली, "असंच धर. एका मिनिटात येते." ती टोकाशी गुडघ्यावर बसली. दादा मागे बसून तिच्याकडे बघत होता. ती जिथे बसली होती ती, इतकी वर्षं, त्याची जागा. त्या जागी काय असायला हवं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. आणि ते तिथे नव्हतं.

"मास्तरीणबाई! पिन कुठाय?"

"काय?" वाऱ्यात तिला नीट ऐकू आलं नाही.

"पुढे पिनच नाहीये! डोलकाठी नुसती दोरावर आहे!"

"तसंच आहे ते, दादा! नवीन केलंय आपण!"

"नवीन-बिवीन काही नाही. कुणीतरी तात्पुरता दोर टाकलाय आणि विसरलाय." त्याचा आवाज चढला नव्हता. धोका दिसल्यावर तो नेहमी व्हायचा तसा, सपाट आणि स्पष्ट झाला होता. "घाबरू नकोस. मी थोडं सैल देतो, तू पिन घाल."

"दादा, हात लावू नको त्याला!"

पण मशीनखोलीत त्याने हे आयुष्यभर केलं होतं. ताण असलेल्या दोराला खटक्यातून सोडवायचं तर आधी किंचित मागे ओढायचं आणि मग वर उचलायचं. त्याने बरोबर तसंच केलं. दोर दातांतून सुटला.

डोलकाठी क्षणभर तशीच राहिली. मग शिडातल्या वाऱ्याने तिला मागे रेटलं. दोर दादाच्या मुठींतून सरसरत गेला. तो सोडत नव्हता, धरून बघत होता. तारा झणझणल्या, धाकटीच्या डोक्यावरचं आकाश एकदम मोकळं झालं, आणि डोलकाठी शिडासकट मागच्या बाजूवर आदळली.

नंतर फक्त पाण्याचा आवाज येत होता. शिडाचं कापड मागच्या सगळ्या भागावर पसरलं होतं. त्याच्याखाली काही हलत नव्हतं.

"दादा," धाकटी म्हणाली. ती रांगत मागे आली, पण तिला कापडाची कड सापडेना. सापडली तशी तिने ती वर उचलली. दादा खाली बसलेला होता. डोलकाठी त्याच्या खांद्याला घासून होडीच्या काठावर पडली होती आणि तिथली फळी फुटली होती. एक वीतभर आत पडती तर ती फळी नव्हे, त्याचं डोकं असतं. त्याच्या कानातून रक्त येतंय असं वाटलं, पण ते कानाच्या पाळीवरचं खरचटलेलं होतं. मुठी आवळून त्याने छातीशी धरल्या होत्या.

त्याने वर पाहिलं. नवशिक्या पोराने सुरक्षेची कडी न लावता लिफ्ट चालू केली की त्याचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता.

"पिन लावली नव्हतीस तू."

धाकटीकडे उत्तर होतं. दोर कुणी सोडला, हे सांगता आलं असतं. त्याच्या मुठी उघडून त्यालाच दाखवता आलं असतं. पहिलीतल्या पोरांना ती रोज तेच करायला सांगायची: कुणाचं चुकलं ते शांतपणे, खरं खरं सांगायचं. तिने तोंड उघडलंसुद्धा. पण कित्येक महिन्यांनी त्याच्या डोळ्यांत आपण काहीतरी चुकलो ही केविलवाणी शंका नव्हती. त्याची खात्री होती.

"नव्हती लावली, दादा."

"किती वेळा सांगितलं होतं?"

"पुष्कळदा."

"माणूस मेला असता. मी बघितलं म्हणून." त्याचा श्वास लागला होता. "होडीत पाऊल ठेवायचं नाही तू यापुढे. ऐकलंस?"

"ऐकलं."

मग ती शीड गोळा करत राहिली. तलावाच्या रखवालदाराने मोटरबोट आणून त्यांना ओढत काठाला नेलं.

वहिनी उतारावर गुडघाभर पाण्यात उभी होती. चपला काढायचंही तिला सुचलं नव्हतं. दादा उतरण्याआधीच सांगायला लागला, "हिने पिन लावली नव्हती. पुढे पिनच नव्हती."

वहिनीने धाकटीकडे पाहिलं. "खरं?"

"खरं."

वहिनीने दादाला उतरवायला त्याचे हात धरले. तो कळवळला. तिने त्याच्या मुठी हळूच उघडल्या. दोन्ही तळहातांवरची कातडी आडव्या पट्ट्यांत सोलून निघाली होती. वहिनीने ते पाहिलं, पुन्हा धाकटीकडे पाहिलं, आणि रुमाल तलावाच्या पाण्यात भिजवून त्याच्या हातांना गुंडाळला.

घरी मलम लावून झालं, पट्ट्या बांधून झाल्या, दादा झोपला. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. थर्मासमधला चहा कुणी प्यायलं नव्हतं. वहिनीने तो बेसिनमध्ये ओतला आणि थर्मास नळाखाली धरला.

"दोर त्यांच्या हातांतून गेलाय," ती बेसिनकडे तोंड करून म्हणाली.

"हो."

"मग तू कशाला अंगावर घेतलंस?"

"पिन नव्हतीच ना, वहिनी. मीच काढली. तो म्हणाला होता दुसरा आधार कर म्हणून. मी केला नाही. त्याला करायला काही उरू नये म्हणून."

वहिनीने नळ बंद केला. थर्मास पालथा ठेवला. "त्यांना काही येतच नाही असं धरून चाललो आपण," ती म्हणाली. "तूही आणि मीही."

होडीचं काय करायचं, हे दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात धाकटीने ती लहान मुलांना पाण्यातले खेळ शिकवणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकली. त्यांनी ट्रेलर जोडून नेला तेव्हा दादा अंगणातच होता. त्याने ट्रेलर गाडीला नीट जोडलाय की नाही ते वाकून तपासलं, "जाऊ दे," म्हणून हात केला, आणि आत जाऊन जेवायला बसला. होडी कुठे गेली असं त्याने नंतर कधी विचारलं नाही. अंगणात गवताचा एक फिकट लांबट तुकडा उरला, तोही हिरवा झाला.

तळहात भरून आले तोपर्यंत तलाव त्याच्या डोक्यातून गेला होता. मग रविवार गेले. पुढे लिफ्टही गेल्या. या आजारात काय जावं आणि काय राहावं, हे कुणाच्या हातात नसतं. दादाच्या डोक्यातून जवळजवळ सगळं वाहून गेलं आणि एक गोष्ट तेवढी तळाशी रुतून बसली: या बाईने काहीतरी नीट लावलं नव्हतं, आणि माणूस मरता मरता वाचला. काय लावलं नव्हतं, ते त्याला सांगता यायचं नाही. ती आपली बहीण आहे हेही एखाद्या दिवशी आठवायचं नाही. पण ती दारात आली की त्याचा चेहरा सावध व्हायचा.

आता त्याला बुटांच्या नाड्या बांधता येत नव्हत्या. संध्याकाळी फिरायला निघताना वहिनी त्याला खुर्चीवर बसवायची आणि बूट घालायची. तिचे गुडघे धरायचे, म्हणून एका संध्याकाळी धाकटी पुढे झाली आणि त्याच्या पायांशी बसली. तिने नाडीला हात लावताच त्याने पाय मागे ओढला.

"तू नको."

"दादा, नाडी फक्त. पाय अडकून पडशील."

"म्हणूनच तू नको." त्याने वहिनीकडे बोट केलं. "हिला बांधू दे."

वहिनी खुर्चीचा हात धरून कशीबशी खाली बसली. धाकटी बाजूला सरकली. वहिनी नाडी बांधत असताना दादा तिच्याकडे वाकला आणि खासगीत सांगावं तसं, पण साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मुलगी चांगली आहे. पण हिच्यावर भरवसा ठेवायचा नाही हं."

"नाही ठेवत," वहिनी म्हणाली, आणि मान वर न करता तिने दुसरा बूट पुढे ओढला.

धाकटीने दार उघडून धरलं. दोघं हातात हात घालून बाहेर पडली. दाराला कुलूप लावून तीही निघाली, त्यांच्या मागून, चार हात अंतर ठेवून. तेवढं अंतर असलं की तो मागे वळून बघत नसे.